रक्तदान शिबिर आणि शालेय छात्रसैनिक

आमच्या रक्तदान शिबिरांच्या छायाचित्रांत खाकी गणवेशातील शाळकरी मुले-मुली दिसतात. ज्यांना रक्त देता येत नाही, त्यांचे तेथे काय काम, अशी पृच्छा काही देणगीदारांनी केली आहे. तिचा खुलासा येथे करीत आहोत.

राष्ट्रीय छात्र सेना, म्हणजेच एनसीसी, पंडित हृदयनाथ कुंझरू समितीच्या शिफारशीनंतर १९४८ च्या कायद्याने स्थापन झाली. मुलींचा विभाग १९४९ मध्ये सुरू झाला. शाळांतील कनिष्ठ विभागात कवायतीच्या जोडीने आरोग्य, प्रथमोपचार व समाजसेवा हेही विषय असतात. नोव्हेंबरच्या चौथ्या रविवारी एनसीसी दिन असतो व त्या सुमारास ठिकठिकाणी रक्तदान शिबिरे भरतात. परंतु रक्तदात्याचे वय किमान १८ वर्षे, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन किमान १२.५ ग्रॅम असावे लागते. नववीतील छात्रसैनिक वयातच मागे पडतो.

प्रारंभी आम्हीही या मुलांना खुर्च्या मांडणे व चहा-बिस्किटे वाटणे एवढ्याच कामास लावले, ही आमची चूक होती. एका शिबिरात नववीचा एक विद्यार्थी वय वाढवून रांगेत उभा राहिला. नोंदणी कक्षाने त्यास परत पाठविले. तास-दीड तासाने तो आपल्या काकांना घेऊन आला, तर त्यांचे हिमोग्लोबिन कमी भरले! तरीही दाता घरून आणण्याचे काम मुले करू शकतात, हे आमच्या ध्यानी आले.

तेव्हापासून शिबिरापूर्वी पंधरा दिवस छात्रसैनिक आपल्या आळीत घरोघरी पत्रके देतात. त्यावर वय, वजन, मागील रक्तदानाची तारीख व उपाशीपोटी न येण्याची सूचना असते. त्यामुळे दारातून परत जाणाऱ्यांची संख्या घटली. शिबिरात घेरी आलेल्या दात्यास आडवे करून पाय उंचावण्याचे शिक्षणही त्यांना दिले आहे. मात्र तपासणीच्या मेजाजवळ त्यांना बसवीत नाही. दात्याची वैद्यकीय माहिती शेजारच्या मुलाच्या कानी पडणे योग्य नव्हे.

वाणिज्य शाखेत आम्ही अखेरची शिल्लक पुढील वर्षात ओढण्यास शिकलो. रक्ताची शिल्लक अशी ओढता येत नाही. तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स पाचच दिवस. नोव्हेंबरचे रक्त मे महिन्यात उपयोगी नाही. आणि मे महिन्यातच सुट्यांमुळे दाते गावी जातात. थॅलेसेमियाच्या बालकांना मात्र दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतेच.

अडचण अशी की, मे महिन्यात शाळाही बंद असतात. म्हणून परीक्षांपूर्वी, फेब्रुवारीतच, उन्हाळ्यात गावी न जाणाऱ्या दात्यांची यादी छात्रसैनिकांकडून करून घेण्यास आम्ही आरंभ केला आहे. पुरुषांना ९० व स्त्रियांना १२० दिवसांनी पुन्हा रक्त देता येते. त्यामुळे एनसीसी दिनाचे दातेही मे महिन्यात पात्र ठरतात. यादी रक्तपेढीच्या समाजसेविकेकडे असते व दूरध्वनी त्याच करतात.