टेबलाची कॉमेंट नेमकी कुठे असते?

कॉमेंट म्हणजे एसक्यूएल स्क्रिप्टमध्ये दोन आडव्या रेघांपुढे लिहिलेली टीप, हा समज भलताच रुजलेला आहे. पोस्टग्रेसमध्ये टेबल तयार होताना ती टीप गळून जाते. (एसक्यूलाइट मात्र ‘क्रिएट टेबल’चा मजकूर टिपांसकट जपून ठेवतं.) ‘कॉमेंट ऑन’ आज्ञेने लिहिलेलं वर्णन ही वेगळीच गोष्ट. ते पीजी_डिस्क्रिप्शन या सिस्टीम कॅटलॉगमध्ये साठतं आणि साध्या सिलेक्टने काढता येतं. टेबल ड्रॉप झालं की तेही जातं. शिवाय एका ऑब्जेक्टला कॉमेंट एकच. दुसरी लिहिली की पहिली पुसली. बदलांचा इतिहास तिथे ठेवायचा बेत असेल तर तो आताच सोडावा.

मग इन्फर्मेशन स्कीमात शोधू, असं मायएसक्यूएलवर हात बसलेले म्हणतात. तिथे टेबल_कॉमेंट, कॉलम_कॉमेंट मिळतातही. पण ती मायएसक्यूएलची स्वतःची भर आहे. पोस्टग्रेसच्या इन्फर्मेशन स्कीमात वर्णनाचा कॉलमच नाही. ओरॅकलमध्ये यूजर_टॅब_कॉमेंट्स आणि यूजर_कोल_कॉमेंट्स हे व्ह्यू पाहायचे, तर एसक्यूएल सर्व्हरमध्ये सिस.एक्स्टेंडेड_प्रॉपर्टीज.

पोस्टग्रेसमध्ये वर्णन काढायला ओआयडी, म्हणजे ऑब्जेक्टचा अंतर्गत क्रमांक, दिला की झालं, हेही अर्धसत्य. ओआयडी एका कॅटलॉगपुरताच एकमेव असतो. टेबल आणि फंक्शन यांचा आकडा योगायोगाने सारखा निघू शकतो. म्हणून वर्णन देणाऱ्या ओबीजे_डिस्क्रिप्शन या फंक्शनला ‘पीजी_क्लास’ हे कॅटलॉगचं नावही द्यावं. कॉलमसाठी कोल_डिस्क्रिप्शन असतं. त्याला टेबलाचा ओआयडी आणि कॉलमचा क्रमांक लागतो. तो क्रमांक बोटांवर मोजू नये: काढून टाकलेल्या कॉलमचा क्रमांक पुन्हा वापरात येत नाही, त्यामुळे आज तिसरा दिसणारा कॉलम आतून पाचवा असू शकतो. पीजी_ॲट्रिब्यूटमधला ॲटनम घ्यावा, हे उत्तम. डेटाबेस आणि रोल यांची वर्णनं पीजी_एसएचडिस्क्रिप्शनमध्ये असतात. त्यांच्यासाठी पीजी_डिस्क्रिप्शनवरची क्वेरी रिकामी आली की लोक उगीच बुचकळ्यात पडतात.

सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज परवानगीचा. टेबल वाचायचा हक्क नसलेल्यालाही त्याची कॉमेंट वाचता येते. त्या डेटाबेसला जोडलेलं असणं पुरे. तेव्हा पासवर्ड किंवा सर्व्हरचा गुप्त पत्ता तिथे लिहिणं हा शुद्ध निष्काळजीपणा. पीजी_डंपबरोबरही ही वर्णनं बाहेर जातात. ती वगळायची तर आवृत्ती ११ पासून ‘--नो-कॉमेंट्स’ हा पर्याय आहे.