भिंतींनी दिलेला उजेड

शाळेच्या लांबट वर्गात खिडकीजवळच्या बाकावरून मान वर करताच आकाशाचा तुकडा दिसतो. आतल्या भिंतीकडील शेवटच्या बाकावरून मात्र तो बहुधा दिसत नाही. खिडकीच्या माथ्याने किंवा समोरच्या इमारतीने तो झाकलेला असतो. तरीही त्या बाकावरचा विद्यार्थी पुस्तक वाचू शकतो. त्याच्या पानावरचा उजेड येतो तो मुख्यतः भिंती, छत आणि जमीन यांच्याकडून. हा उसना उजेड किती मिळेल, हे इमारत उभी राहण्यापूर्वी गणिताने काढता येते. ते गणित न केल्यास त्याची किंमत शेवटच्या बाकावरील डोळ्यांना द्यावी लागते.

आकाशाचे तेज क्षणोक्षणी बदलते. म्हणून खोलीतील प्रकाश मोजताना एक प्रमाण घेतात. थेट ऊन वगळून, उघड्या मैदानावर जेवढा आकाशप्रकाश पडतो, त्याचा शेकडा किती भाग त्याच क्षणी खोलीतील टेबलावर पोचतो, ते हे प्रमाण होय. यास दिवसप्रकाश-गुणांक म्हणतात. भारतीय मानकांत बाहेरचा प्रकाश ८००० लक्स धरला आहे; त्या हिशेबाने १ टक्का म्हणजे ८० लक्स. गुणांकाचे घटक तीन : आकाशाकडून सरळ येणारा प्रकाश, समोरच्या इमारतींवरून परतणारा प्रकाश आणि खोलीच्या आतच परावर्तित होणारा प्रकाश. पहिले दोन भूमितीने काढता येतात. तिसरा अवघड, कारण आत आलेला किरण एकदाच परततो असे नाही, तो भिंतीवरून छताकडे, छतावरून जमिनीकडे असा फिरत राहतो.

या येरझारांचा हिशेब मात्र वाटतो तितका किचकट नाही. खोलीचे पृष्ठभाग सरासरीने निम्मा प्रकाश परत करीत असतील, तर पहिल्या परावर्तनानंतर निम्मा, दुसऱ्यानंतर पाव, तिसऱ्यानंतर अष्टमांश उरतो. मूळ प्रकाशासह या साऱ्यांची बेरीज मूळच्या दुप्पट होते. पृष्ठभाग शेकडा २० च परत करीत असतील तर ती बेरीज केवळ सव्वापट, आणि शेकडा ८० परत करीत असतील तर पाचपट! १८९२ मध्ये सम्प्नर या इंग्रज शास्त्रज्ञाने मांडलेल्या विचाराचे हेच सार आहे.

१९५४ मध्ये इंग्लंडच्या इमारत-संशोधन केंद्रातील हॉपकिन्सन, लाँगमोर आणि पेदरब्रिज यांनी त्यात एक महत्त्वाची सुधारणा केली. खिडकीतून येणाऱ्या प्रकाशाचे त्यांनी दोन प्रवाह कल्पिले. आकाशाचा प्रकाश वरून खाली येतो आणि प्रथम जमिनीवर व भिंतींच्या खालच्या भागावर पडतो. अंगणावरून उसळलेला प्रकाश खालून वर जातो आणि छतावर व भिंतींच्या वरच्या भागावर पडतो. दोन्ही प्रवाहांना निरनिराळे वजन देऊन त्यांनी एक सुटसुटीत सूत्र तयार केले.

या सूत्राने एक उदाहरण सोडवून पाहावे. खोली ६ मीटर लांब, ५ मीटर रुंद, ३ मीटर उंच. आखूड भिंतीत ३ चौरस मीटरची काचेची खिडकी, समोर मोकळे आकाश. छत शेकडा ७०, भिंती ५० आणि जमीन २० प्रकाश परत करीत असतील, तर आतील परावर्तनाचा सरासरी वाटा सुमारे ०.६ टक्का येतो. तीच खोली, तीच खिडकी. परंतु छत शेकडा ४०, भिंती २० आणि जमीन १० वर आली, की हा वाटा ०.२ टक्क्याखाली जातो. विटेला हात न लावता खोलीने आपला दोन तृतीयांश उसना उजेड गमावलेला असतो. शिवाय ही सरासरी झाली. खोलीच्या मागील भागात प्रकाश याहूनही कमी असतो.

हे सूत्र मुळात इंग्लंडच्या ढगाळ आकाशासाठी रचलेले आहे. भारतात वर्षाचे बरेच महिने आकाश निरभ्र असते आणि उन्हाने तापलेले अंगण स्वतःच एक मोठा दिवा होते. त्याचा प्रकाश छतावर जातो. म्हणून येथे छताच्या शुभ्रतेला अधिक मोल आहे. खिडक्या वाटेल तेवढ्या मोठ्या कराव्यात, तर उजेडाबरोबर उष्णताही आत येते. लहान खिडकी आणि पांढरे पृष्ठभाग ही जोडी म्हणूनच या हवामानाला मानवते.

यातून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. नकाशा काढताना गृहीत धरलेली भिंत ताज्या सफेदीची असते; प्रत्यक्षातली भिंत दरवर्षी धूळ, धूर आणि पावसाळी ओल यांनी काळवंडते. चुन्याचा हात ही केवळ सणासुदीची शोभा नव्हे, खिडकीच्या गणिताचाच तो एक भाग आहे. दुरुस्तीच्या अंदाजपत्रकातून सफेदीची रक्कम प्रथम कापली जाते, तेव्हा इमारतीच्या आराखड्यातील एक पद पुसले जाते. आणि तो अंधार प्रथम पोचतो, तो शेवटच्या बाकावर.