जुन्या मोटारीची कांच आणि तिचें रबर



आपल्या नगर शहरांत १९९४ सालापासून रणगाड्यांचें संग्रहालय आहे. तें पाहून परततांना माझ्या नातवानें विचारलें, "आजोबा, तेथील लोखंड इतकीं वर्षें टिकलें; मग आपल्या मोटारीचा पत्रा कां सडला?" प्रश्न लाजविणारा, पण रास्त होता. त्याचेंच उत्तर आज देणार आहें.

माझी मोटार प्रीमियर पद्मिनी. तिची पुढची कांच आजच्या मोटारींप्रमाणें चिकटविलेली नसते. कांच आणि पत्र्याची चौकट यांमध्यें रबराची पट्टी असते. पट्टीच्या एका खांचेंत कांच बसते, दुसरीनें पत्र्याची कड धरलेली असते. म्हणजे हें रबर कांचेचें आसन आणि पाण्यावरील पहारेकरी, दोन्ही होय.

आपला बहुतेक जिल्हा पर्जन्यछायेंतला. पाऊस थोडा, म्हणून या रबराकडे कोणी पाहत नाहीं. परंतु रबराचा खरा शत्रु ऊन आहे. उन्हानें आणि हवेंतील ओझोन वायूनें तें कडक होतें, त्यास भेगा पडतात. मीं कांच बदलली तेव्हां काटकसर म्हणून जुनेंच रबर पुन्हां बसवून घेतलें. दोन वर्षें कांहीं झालें नाहीं. पुढें एका श्रावणांत संगमनेर-अकोले मार्गानें आम्ही भंडारदऱ्यास निघालों. राजूर सोडलें आणि मुसळधार पाऊस लागला. पाणी आंत झिरपलें, पायाखालचें अंथरलेलें सारें भिजलें, कांचेवर आंतून वाफ धरली. समोरचा सायकलस्वार अगदीं जवळ येईपर्यंत मला दिसला नाहीं. दैवानें तो वांचला. घरीं येऊन रबर काढलें, तों चौकटीची खालची कड बोटानें चुरा व्हावी इतकी गंजलेली!

म्हणून पहिला नियम असा कीं, कांच काढली म्हणजे रबर नवेंच घालावें.

दुसरा नियम कांचेविषयीं. १९०३ सालीं एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच रसायनज्ञाच्या प्रयोगशाळेंत कांचेचें एक पात्र पडलें. तें तडकलें, पण विखुरलें नाहीं. कारण आंतल्या बाजूस सुकलेल्या द्रव्याचा पापुद्रा होता. त्यावरून थरांच्या कांचेची कल्पना निघाली. हिलाच आज लॅमिनेटेड कांच म्हणतात. दोन कांचांमध्यें प्लॅस्टिकचा पातळ पडदा असतो. कांच फुटली तरी तुकडे त्यास चिकटून राहतात. खिडकीची साधी कांच मापानें कापून मोटारीस बसवूं नये. तिचा एकेक तुकडा सुरीसारखा असतो.

आतां कृति ऐका. हातमोजे आणि चष्मा घालावा. वायपरचे दांडे काढावे. जुन्या रबराची बाहेरची कड सुरीनें कापावी आणि एकानें आंतून कांच हळूहळू ढकलावी, दुसऱ्यानें बाहेरून झेलावी. चौकटीचा गंज तारेच्या ब्रशानें थेट स्वच्छ पत्र्यापर्यंत घासावा. रेड ऑक्साइड आणि रंग लावून पूर्ण वाळूं द्यावा. गंजावर रंग देणें म्हणजे जखम न धुतां पट्टी बांधणें होय.

नवें रबर थोडा वेळ उन्हांत ठेवावें, म्हणजे तें मऊ होतें. तें कांचेभोंवतीं बसवून पत्र्याच्या खांचेंत एक गुळगुळीत, मजबूत दोरी सभोंवार घालावी. तिचीं दोन्ही टोकें खालीं मध्यभागीं आंतल्या बाजूस सोडावीं. साबणाचें पाणी लावावें. तेल किंवा ग्रीस लावूं नये, त्यानें रबर फुगतें. मग एकानें बाहेरून तळव्यांनीं कांच दाबावी आणि दुसऱ्यानें आंतून दोरी हळूहळू ओढावी. दोरी निघते तसतशी रबराची कड पत्र्यावर चढते. कोठें अडलें तर हातोडी उचलूं नये. दोरी पुन्हां घालून आरंभापासून करावें.

शेवटीं परीक्षा. आंत कोरडा कागद धरावा आणि बाहेरून खालपासून वरपर्यंत पाणी सोडावें. कागद कोरडा राहिला तर उत्तीर्ण.

शाळेंत मी मुलांना सांगत असें कीं, लहान चूक वहींत लपते, पण परीक्षेंत सांपडते. माझी चूक रबराखालीं लपली होती आणि परीक्षा राजूरच्या रस्त्यावर झाली. आपली तशी होऊं नये, एवढ्यासाठींच हें भाषण.