सही खरी, पण फाइल?

उतरवून घेतलेल्या फाइलवरील अंकीय सही संगणक कशी पडताळतो? फाइलमधील मजकुरावरून गणिताने एक छोटा ठसा काढतात. निर्माता आपल्या गुप्त किल्लीने त्यावर सही करतो. आपला संगणक निर्मात्याच्या जाहीर किल्लीने ती तपासतो. फाइलमध्ये एक अक्षर जरी बदलले, तरी ठसा जुळत नाही. लखोट्यावरील लाखेची मोहोरच म्हणा ना!

मग सही जुळली, की फाइल निर्धोक समजावी काय? मुळीच नाही. मोहोर शाबूत असली, तरी आतले पत्र चांगलेच असेल असे थोडेच आहे? ऑगस्ट २०१७ मध्ये ‘सीक्लीनर’ या लोकप्रिय प्रोग्रॅमच्या ५.३३ या आवृत्तीत चोरांनी सही होण्यापूर्वीच घातक भाग मिसळला. सही अगदी अस्सल! सप्टेंबरमध्ये हे उघडकीस आले, तोवर ती २० लाखांहून अधिक संगणकांवर पोचली होती.