क्रूझ लागत नाही? आधी ब्रेकचा दिवा बघा

दिवाळी आली की सुरतेकडच्या आणि पुण्याकडच्या गाड्या खानदेशाच्या वाटेला लागतात. धुळ्याहून जळगावला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ जुन्या चालकांच्या तोंडी अजून 'सहा नंबर'च आहे. फागणे, पारोळा, एरंडोल, पाळधी असा हा सुमारे नव्वद-पंच्याण्णव किलोमीटरचा, बहुतेक सपाट रस्ता. क्रूझ कंट्रोलचा उपयोग होतो तो अशाच ठिकाणी. ८० चा वेग ठरवून बटण दाबलं की पाय मोकळा होतो आणि वेग नकळत वाढत नाही.

हेच बटण एके दिवशी दाद देईनासं होतं. मग 'कॉम्प्युटर गेला', 'स्टिअरिंगचा आतला भाग बदला' असे हजारोंचे अंदाज कानावर येतात. खर्च करण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. क्रूझ हे गाडीतलं फार सावध यंत्र आहे. ब्रेक, क्लच, वेग आणि इंजिन यांपैकी एकाही ठिकाणची खबर त्याला संशयास्पद वाटली, तर ते काम करायचं नाकारतं. म्हणून क्रूझ बंद पडल्यावर बिघाड क्रूझमध्ये शोधण्याआधी त्याला नको ती खबर कोण देतंय ते शोधावं. या शोधाचा बराचसा भाग फुकटात किंवा थोडक्या पैशांत होतो.

नकार देणं हेच त्याचं काम

क्रूझ कंट्रोलची युक्ती शोधली राल्फ टीटर या अमेरिकन अभियंत्याने. लहानपणीच्या अपघातात त्यांची दृष्टी गेली होती. शेजारी बसलेला चालक वेग सारखा कमी-जास्त करी, ते त्यांना अंगाला जाणवे, आणि त्यातूनच ही कल्पना सुचली असं सांगितलं जातं. १९५० साली त्यांना पेटंट मिळालं आणि १९५८ च्या क्रायस्लर गाड्यांत हे यंत्र आलं. त्या काळी केबल आणि व्हॅक्यूमने थ्रॉटल ओढला जाई. आजच्या गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटरला तारच नसते. पेडलचा सेन्सर इंजिनच्या संगणकाला, म्हणजे ईसीएमला, सांगतो आणि थ्रॉटल मोटरवर उघडतो. त्यामुळे क्रूझचं वेगळं यंत्र उरलेलंच नाही. उरली आहेत ती स्टिअरिंगवरची बटणं, काही स्विच आणि सेन्सर.

बिनपैशाची तपासणी

आधी गाडीची पुस्तिका उघडा. बहुतेक गाड्यांत साधारण ताशी ३० ते ४० किलोमीटरच्या खाली क्रूझ लागतच नाही. काही मॅन्युअल गाड्यांत खालच्या गिअरमध्येही लागत नाही. मुख्य बटणाने क्रूझ चालू करणं आणि नंतर 'सेट' दाबून वेग ठरवणं, ही दोन वेगळी कामं आहेत. मीटरमध्ये क्रूझची खूण दिसते का ते बघा. खूण येते पण वेग धरला जात नाही, तर बटणापर्यंतचा मार्ग बहुधा ठीक आहे. खूणच येत नसेल, तर संशय फ्यूजवर, बटणावर किंवा त्याच्या वायरिंगवर. जळालेला फ्यूज तेवढ्याच अँपिअरच्या फ्यूजनेच बदलावा.

मग मीटरमधले इतर दिवे बघा. इंजिनचा किंवा एबीएसचा दिवा पेटलेला असेल, तर अनेक गाड्या स्वतःहून क्रूझ बंद ठेवतात. अशा वेळी आधी तो दिवा का पेटला ते शोधायचं.

आता सर्वांत महत्त्वाची परीक्षा. रात्री गाडीची पाठ भिंतीकडे करा आणि ब्रेक दाबा. दिवे पेटले पाहिजेत आणि पाय उचलताच विझले पाहिजेत. तिसरा, वरचा दिवाही बघा. एखादा बल्ब गेलेला असेल किंवा बाजारातला वेगळ्या क्षमतेचा एलईडी बसवला असेल, तरी काही गाड्या क्रूझ नाकारतात.

स्वस्तातलं बारीक बटण

पाय उचलूनही दिवे पेटलेलेच राहिले, तर ब्रेक पेडलच्या वरच्या बाजूला टॉर्च मारा. तिथे ब्रेक स्विचची छोटी दांडी पेडलच्या पट्टीवर टेकते. कित्येक गाड्यांत त्या पट्टीच्या भोकात प्लास्टिकचं किंवा रबराचं बारीक बटण बसवलेलं असतं. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ते कडक होऊन तुटतं, आणि जळगाव-भुसावळात तर मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. बटण तुटलं की दांडी भोकातून आरपार जाते. ब्रेक दाबलेलाच आहे असं गाडी समजते, आणि क्रूझ लागणं अशक्य होतं. पायाखालच्या मॅटवर प्लास्टिकचे तुकडे सापडले, बॅटरी विनाकारण उतरू लागली किंवा ऑटोमॅटिक गाडी ब्रेक न दाबताही 'पी' मधून निघू लागली, तर रोख इकडेच आहे. हे बटण सुट्या भागांच्या दुकानात अगदी स्वस्तात मिळतं.

स्विचच खराब असेल तर त्याची किंमत बहुतेक गाड्यांत आवाक्यातली असते. अनेक स्विचमध्ये दोन संपर्क असतात. पेडल दाबलं की एक जुळतो, दुसरा सुटतो. दोघांची साक्ष जुळली नाही तर ईसीएम क्रूझ बंद करतो. म्हणून मागचे दिवे नीट पेटत असतानाही स्विच अर्धा मेलेला असू शकतो.

मॅन्युअल गाडीत असाच स्विच क्लचलाही असतो. क्लचवर पाय टेकवून गाडी चालवायची सवय असेल, तर क्रूझ सारखं सुटतं.

स्कॅनर कधी लावावा

एवढ्यावर उत्तर मिळालं नाही तर चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून स्कॅनर लावून घ्या आणि कोड लिहून मागा. पी०५७१ आणि पी०५०४ हे ब्रेक स्विचचे कोड, पी०७०४ क्लच स्विचचा, पी०५०० वेगाच्या खबरीचा. कोड म्हणजे निकाल नव्हे. तो फक्त कोणत्या मार्गावर शोधायचं ते सांगतो. भाग बदलण्याआधी तिथली वायर आणि जोड तपासायला सांगा. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चाकांच्या सेन्सरपाशी बसतो, आणि कापूस-धान्याच्या हंगामात खळ्याजवळ उभ्या गाडीची वायर उंदीर कुरतडतात. सफाई किंवा वायर जोडणं यावर काम भागलं, तर नवा सेन्सर कशाला?

स्टिअरिंगवरची इतर बटणं आणि हॉर्नही बंद, शिवाय एअरबॅगचा दिवा लागलेला, असं एकत्र दिसलं तर स्टिअरिंगमधली गुंडाळीची पट्टी, म्हणजे क्लॉक स्प्रिंग, तुटलेली असण्याची शक्यता मोठी. इथे मात्र पैसे वाचवायला जाऊ नका. ते काम एअरबॅगच्या पाठीमागे असतं. बॅटरी सोडून, थांबून, जाणकाराच्याच हातून करावं.

नव्या गाड्यांतलं रडारवालं क्रूझ बंद पडलं, तर आधी पुढच्या बाजूचा चिखल आणि काचेवरची कॅमेऱ्यासमोरची धूळ पुसा. बंपर किंवा काच बदलल्यानंतर बिघाड आला असेल, तर कॅलिब्रेशन, म्हणजे रडार-कॅमेऱ्याची पुन्हा जुळणी, झालंय का ते विचारा.

जे कधीच करू नये

ब्रेक किंवा क्लच स्विच तारेने जोडून क्रूझ 'चालू' करून देणारे भेटतात. तसं कधीही करू देऊ नका. ब्रेक दाबताच क्रूझ सुटावं याची खबर तोच स्विच देतो. तसंच पळासनेर किंवा कन्नडच्या घाटात, ओल्या रस्त्यावर आणि गावाजवळ ट्रॅक्टर-बैलगाड्यांच्या गर्दीत क्रूझ नीट चालत असलं तरी बंद ठेवावं. समृद्धी महामार्गासारख्या लांब सरळ रस्त्यावर पाय मोकळा झाला म्हणून डोळा लागू नये, याचीही काळजी घ्यावी.

क्रूझवाचून गाडी चालते. अनेक वर्षं आपण सगळे तशीच चालवत आलो. पण ज्या स्विचमुळे क्रूझ रुसतं, तोच स्विच मागून येणाऱ्या केळीच्या ट्रकला तुम्ही थांबताय हे सांगतो. दिवे कायम पेटलेले राहिले, तर खरा ब्रेक कधी लागला हे त्या चालकाला कळणार नाही. म्हणून क्रूझची दुरुस्ती पुढच्या महिन्यावर ढकलली तरी चालेल. ब्रेकच्या दिव्याची परीक्षा मात्र सुटीच्या प्रवासाला निघण्याआधी, घरातल्या कुणाला तरी गाडीमागे उभं करून, आजच घ्या.