गर्भवतीच्या रक्तातील चरबी व वाढता रक्तदाब

गर्भवतीच्या रक्ततपासणीत चरबी वाढल्याचे दिसले, की नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला असतो : “साहेब, हिचं तेल-तूप बंद करायचं का?” प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर, वैद्यकशास्त्राचा जाणकार नव्हे. तथापि हा प्रश्न वारंवार कानी पडल्याने त्याचे उत्तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडून समजून घेतले. ते देणगीदार व हितचिंतकांसमोर ठेवीत आहे.

गर्भारपणात रक्तातील चरबी वाढणे हे नैसर्गिक आहे. उत्तरार्धात आईचे शरीर साठवलेली चरबी इंधन म्हणून वापरू लागते, जेणेकरून रक्तातील साखर बाळाच्या वाट्याला यावी. त्यामुळे ट्रायग्लिसराइड ही चरबी शेवटच्या महिन्यांत दुप्पट-तिप्पट होऊ शकते. हा अति खाण्याचा परिणाम नव्हे.

प्रीएक्लॅम्प्सिया या विकारात मात्र वाढ याहूनही अधिक आढळते, तर हितकारक मानले जाणारे एचडीएल कोलेस्टेरॉल सरासरीने कमी असते. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक होणे व लघवीतून प्रथिने जाणे ही या विकाराची प्रमुख लक्षणे होत. वारेचा रक्तपुरवठा नीट न झाल्याने तिच्यातून काही घटक आईच्या रक्तात मिसळतात व रक्तवाहिन्यांच्या अस्तरास इजा पोहोचवितात. अतिरिक्त चरबी त्या इजेत भर घालते, असे मानले जाते. ती मूळ कारण की परिणाम, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही.

म्हणूनच केवळ चरबीच्या अहवालावरून या विकाराचे निदान होत नाही. निदान होते ते प्रामुख्याने रक्तदाब व लघवीच्या साध्या तपासणीने. अहवाल पाहून गर्भवतीचा आहार तोडणे तर घातकच. विकार तीव्र झाल्यास झटके येऊन माता व बाळ दोघांच्या जिवावर बेतते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, ३३ देशांतील दहा हजारांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासात मॅग्नेशियम सल्फेटच्या इंजेक्शनाने झटक्यांचा धोका निम्म्याहून अधिक घटल्याचे दिसले. परंतु औषध उपयोगी पडण्यासाठी रुग्ण वेळेवर पोहोचली पाहिजे.

बीड जिल्ह्यात खरी अडचण येथेच आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकाकडे निघतात. चौथ्या महिन्यात घर सोडलेल्या गर्भवतीचे धोक्याचे महिने उसाच्या फडात व कोपीवर जातात. अंगावरची सूज श्रमाची, तर डोकेदुखी उन्हाची समजली जाते. निघण्यापूर्वी तिचा रक्तदाब मोजावा, माता व बाल संरक्षण कार्ड सोबत द्यावे आणि कारखाना परिसरातील सरकारी आरोग्य केंद्रात दरमहा तपासणीस जाण्यास सांगावे. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी केंद्रांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. तीव्र डोकेदुखी, दृष्टी अंधुक होणे, पोटाच्या वरच्या भागात दुखणे किंवा चेहऱ्यावर अचानक सूज येणे, यांपैकी काहीही दिसल्यास फड सोडून तत्काळ रुग्णालय गाठावे, हे मुकादमासही ठाऊक असावे.

मग चरबीच्या तपासणीचे महत्त्व कोठे? ते प्रसूतीनंतर. हा विकार झालेल्या स्त्रीस पुढील आयुष्यात हृदयविकार व पक्षाघाताचा धोका सुमारे दुप्पट असतो. बाळ-बाळंतीण सुखरूप घरी गेली, की कुटुंबीय हिशेब मिटला असे समजतात. वास्तविक ही बाकी पुढे ओढावी लागते. सुटीचे कार्ड जपून ठेवावे, काही महिन्यांनी चरबी व साखर तपासावी आणि रक्तदाब दरवर्षी मोजावा.

रक्तदाब मोजण्याचा खर्च आमच्या ताळेबंदात किरकोळ रकमेतही दिसत नाही. तो न मोजल्याने होणारी हानी मात्र कोणत्याही खतावणीत मांडता येत नाही. आपल्या गावातील टोळी निघण्यापूर्वी तीतील प्रत्येक गर्भवतीची तपासणी झाली काय, एवढी विचारपूस आपण सर्वांनी करावी, ही नम्र विनंती.