पानथरीची साक्ष

पनवेलच्या आसपासचीं भातखाचरें, खाडीकांठचीं खाजणें आणि माथेरान-कर्नाळ्याच्या उतारांवरील कातकऱ्यांच्या वाड्या ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांना पानथरी म्हणजे काय हें सांगावें लागत नाहीं. वारंवार हिंवताप आलेल्या पोराचें पोट डाव्या बाजूनें पुढें येई आणि घरांतील म्हातारी तें हातानें चांचपून ‘पानथरी वाढली’ असें म्हणे. हा घरगुती शब्द एके काळीं फौजदारी न्यायालयांत मोठ्या मानानें वावरत होता आणि त्याच्या आडून माणसें मारणारे लोक अल्प दंडावर सुटत होते, ही हकीकत मात्र फारशी कोणाच्या कानीं नाहीं.

पानथरी, म्हणजेच वैद्यकांतील प्लीहा, हा डाव्या कुशींत खालच्या बरगड्यांच्या आड बसलेला, मुठीएवढा, सुमारें १५० ग्रॅम वजनाचा मऊ अवयव होय. रक्तांतील जीर्ण झालेल्या तांबड्या पेशी गाळून काढणें हें त्याचें एक मुख्य काम. हिंवतापाचे जंतु याच पेशींत शिरतात, हें लाव्हरान यानें १८८० सालीं दाखविलें. ते डांसाच्या शरीरांत वाढतात, हें रोनाल्ड रॉस यानें १८९७ सालीं सिकंदराबादेस सिद्ध केलें. जंतूंनीं भरलेल्या पेशी गाळतां गाळतां पानथरी सुजते, बरगड्यांचें कवच सोडून खालीं उतरते आणि तिच्यावरचें पातळ वेष्टन ताणलें जातें. अशा स्थितींत निरोगी माणसास केवळ काळानिळा डाग उठेल एवढ्या धक्क्यानेंहि ती फाटूं शकते. रक्त पोटांतच सांचतें. बाहेर जखम दिसत नाहीं. तेव्हां न्यायालयांत येऊन पानथरीचें नांव घेणाऱ्या डॉक्टरांचें म्हणणें शास्त्रदृष्ट्या खोटें होतें असें नाहीं. खोटें होतें तें त्यावरून काढलेलें अनुमान.

या अनुमानाचा सर्वांत गाजलेला नमुना आग्र्याचा आहे. फुलर नांवाचा एक इंग्रज वकील रविवारीं सकाळीं सहकुटुंब चर्चला निघाला असतां मोतद्दार कटवारू वेळेवर हजर नाहीं म्हणून त्यानें त्याच्या तोंडांत मारिली आणि केस धरून त्याला ओढिलें. कटवारू खालीं पडला, उठून शेजारच्या आवारांत गेला आणि तेथेंच मेला. डॉक्टरनें साक्ष दिली कीं, पानथरी फुटून मृत्यु आला. ती इतकी वाढलेली होती कीं, हलक्या आघातानें किंवा नुसत्या पडण्यानेंहि फुटली असती. लीड्स नांवाच्या मॅजिस्ट्रेटनें ‘साधी दुखापत’ एवढाच गुन्हा धरून तीस रुपये दंड केला आणि तो मृताच्या विधवेस देवविला. अलाहाबादच्या हायकोर्टास या शिक्षेंत विशेष आक्षेपार्ह असें कांहीं दिसलें नाहीं. १८७६ सालीं गव्हर्नर जनरल लॉर्ड लिटन यानें मात्र या निकालावर कडक टीका करणारा लेख काढला आणि लीड्स याच्या हातीं निदान एक वर्ष जिल्ह्याचा स्वतंत्र कारभार देऊं नये असें ठरविलें. गोऱ्यांच्या वर्तमानपत्रांनीं त्यावर एकच काहूर केलें. लिटन हा हिंदी जनतेचा कैवारी होता असें यावरून कोणी समजूं नये. देशी वृत्तपत्रांच्या मुसक्या बांधणारा १८७८ चा कायदा त्याच्याच कारकीर्दींतला.

आतां कायदा काय म्हणत होता तें पाहूं. १८६० च्या पीनल कोडाच्या २९९ व्या कलमाखालीं पहिलें स्पष्टीकरणच असें आहे कीं, व्याधिग्रस्त किंवा दुर्बल माणसास इजा करून जो त्याचा मृत्यु लवकर ओढवून आणतो, त्यानेंच तो मृत्यु घडविला असें समजावें. म्हणजे रोग ही सबब मृत्यूचें कारण पुसून टाकीत नाहीं. पुढच्या ३०० व्या कलमांतील एका उदाहरणांत मात्र भेद केला आहे: रोग माहीत असून मारिलें तर तो खून, माहीत नसतां, निरोगी माणूस मरणार नाहीं असा फटका मारिला, तर खून नव्हे. सगळी मेख या ‘माहीत नसतां’ शब्दांत होती. प्रत्येक साहेब म्हणे, नोकराची पानथरी वाढलेली आहे हें मला काय ठाऊक?

परंतु सरकारास तें पुरतें ठाऊक होतें. १८४५ ते १८४७ या वर्षांत उत्तरेकडील कालव्यांच्या कांठचा ताप तपासण्यासाठीं सरकारनें समिति नेमली असतां डॉक्टर डेम्प्स्टर यानें गांवोगांव लोकांचीं पोटें चांचपून, शेंकडा किती जणांची पानथरी वाढलेली आहे त्यावरून हिंवतापाचें मान ठरविलें. ही पद्धत पुढें जगभर मान्य झाली. ज्या राज्यांत गांवची पानथरी हें मोजमापाचें साधन होतें, त्याच राज्याच्या न्यायालयांत ती दैवी अपघात ठरावी, हा योगायोग म्हणावा काय?

याच काळांत हिंदी माणसाचें शरीर दुसऱ्या एका अंगानेंहि मोजलें जात होतें. रिस्ले यानें १८९१ सालीं बंगालच्या जातींवर ग्रंथ काढला आणि नाकाची रुंदी व लांबी यांच्या प्रमाणावरून वंशाची उच्चनीचता लावूं पाहिली. त्याच्या आधींच, १८७१ सालीं, कांहीं जाती जन्मतःच गुन्हेगार ठरविणारा कायदा झाला होता. तो अखेरीस १९५२ च्या ऑगस्ट महिन्याच्या ३१ तारखेस रद्द झाला. कातकऱ्यांवरहि चोरटे म्हणून असाच शिक्का बसला होता. ज्याच्या शरीराला आधींच दोष लाविला आहे, त्याच्या मरणाचा दोषहि त्याच्याच शरीरावर टाकणें मग जड जात नाहीं.

बंदुकीच्या गोळीस अर्थात् पानथरीची सबब लागू पडत नाहीं. २५ सप्टेंबर १९३० रोजीं त्या वेळच्या पनवेल तालुक्याच्या उरण पेट्यांत, चिरनेर येथें, अक्कादेवीच्या रानांत जंगल सत्याग्रह झाला आणि पोलिसांनीं गोळीबार केला. आठ ग्रामस्थ पडले. त्यांत नाग्या महादू कातकरी हा एक होता. त्या धुमाळींत मामलेदारहि मारले गेले. तेथें गोळीचें कारण निराळें सांगण्यांत आलें. पण मेलेल्यांच्या प्रकृतीविषयीं कोणास कांहीं बोलतां आलें नाहीं.

पानथरीचें कारण आतां मागें पडलें आहे, तरी त्या जातीचीं कारणें संपलीं नाहींत. अमेरिकेंत पोलिसांनीं दाबून धरलेला काळा मनुष्य दगावला म्हणजे ‘उन्मादावस्थेंतील मृत्यु’ असें नांव देण्याची चाल कित्येक वर्षें होती. या नांवाचा रोग वैद्यकास मान्य नाहीं, असें तेथील शवचिकित्सकांच्या राष्ट्रीय संघटनेनें २०२३ सालीं जाहीर केलें. २०२० च्या मे महिन्यांत मिनिॲपोलिस येथें मारल्या गेलेल्या जॉर्ज फ्लॉइड याच्या हृदयविकाराची चर्चाहि न्यायालयांत पुष्कळ झाली. ज्यूरीनें पोलिसास खुनी ठरविलें.

आपल्या राज्यांत परभणीस वडार समाजांतील कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी हा १५ डिसेंबर २०२४ रोजीं न्यायालयीन कोठडींत मरण पावला. विधिमंडळांत त्याच्या श्वसनविकाराचा उल्लेख झाला. शवचिकित्सेच्या अहवालांत मात्र अनेक जखमांमुळें बसलेला धक्का असें कारण लिहिलें होतें. जुलै २०२५ मध्यें मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें गुन्हा नोंदविण्याचा हुकूम दिला आणि सर्वोच्च न्यायालयानें तो कायम ठेविला. अपराध कोणाचा हें खटल्यांतच ठरावयाचें. परंतु एका कागदांत रोग आणि दुसऱ्यांत मार, हें चित्र पानथरीच्या इतिहासाशीं परिचित असणारास नवें वाटणार नाहीं.

या दोन कागदांतील अंतर राहूं नये म्हणूनच कांहीं नियम झाले आहेत. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानें १९९३ सालीं कोठडींतील मृत्यूची खबर चोवीस तासांत देण्यास सांगितलें आणि १९९५ सालीं अशा शवचिकित्सेचें चित्रीकरण सुचविलें. डी. के. बसू प्रकरणीं सर्वोच्च न्यायालयानें घालून दिलेल्या नियमांप्रमाणें अटक झालेल्या माणसानें मागणी केल्यास त्याच्या अंगावरील लहानमोठ्या सर्व जखमा त्याच वेळीं टिपून ठेवाव्या लागतात, त्या कागदावर त्याची व पोलिसाची अशा दोन सह्या घ्याव्या लागतात, आणि कोठडींत असतां दर अठ्ठेचाळीस तासांनीं डॉक्टरकडून तपासणी करावी लागते. डॉक्टरनें जखमांची आणि त्या केव्हां झाल्या असाव्यात याची नोंद करून तिची एक प्रत अटकेंतील इसमास किंवा त्यानें सांगितलेल्या माणसास द्यावी, असा कायदा आहे. तळोज्याचें मध्यवर्ती कारागृह पनवेल तालुक्यांतच आहे; पोलीस ठाणींहि कमी नाहींत. वाडीवरचा माणूस अटकेंत गेला म्हणजे त्याच्यामागून जाणाऱ्या नातलगास ही प्रत मागतां येते, एवढें त्याच्या कानावर पहिल्याच दिवशीं कोणीतरी घालावयास हवें. कारण जखमा चार दिवसांनीं तशाच दिसत नाहींत.